परतीचं दही

कांगारू आयलंडवर आम्ही जेमतेम साडेचार तास होतो, आई आणि मी. त्यातला बराच वेळ बोटीच्या रांगेत गेला आणि तासभर तरी आई बसमध्ये डुलकी काढत होती. तरीही ते बेट माझ्या मनात लांबलचक सुट्टीसारखं पसरलं आहे. काही गोष्टी मी नंतर पदरच्या घातल्या असतील. समुद्र इतका चंदेरी नसेलही. पण दह्याचा भाग जसा घडला तसाच सांगते आहे.

दह्याचं आधी सांगायला हवं. आमच्या घरी कुणी परीक्षेला किंवा लांबच्या प्रवासाला निघालं की आई त्याच्या उजव्या तळहातावर अर्धा चमचा दही ठेवायची. ते चाटायचं आणि बाहेर पडायचं. घरी राहणाऱ्याने द्यायचं, निघणाऱ्याने घ्यायचं, म्हणजे गेलेलं माणूस काम करून सुखरूप परत येतं. पुण्यात पुष्कळ घरांत हे असतं. पण बाबा गेल्यापासून आईचं ते रोजचं झालं. बाबा एका सकाळी रक्त तपासायला लॅबमध्ये निघाले होते. उपाशीपोटी जायचं होतं, म्हणून आईने दही दिलं नाही. लॅबच्या जिन्यात ते जरा टेकायला म्हणून बसले ते उठलेच नाहीत. दह्याने हार्ट अटॅक टळत नाही हे आईला माहीत आहे. तिने तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पण त्या दिवसापासून ती कुणालाही दह्याशिवाय घराबाहेर सोडेना.

वर्षश्राद्ध झाल्यावर ती आमच्याकडे आली, मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत. दुसऱ्याच दिवसापासून दाराशी वाटी आणि चमचा घेऊन उभी. माझी मुलगी "आजी, I'm so late" म्हणत बुटात पाय कोंबायची, पण हात मात्र न सांगता पुढे करायची. नवरा एका हातात गाडीची किल्ली धरून दुसरा हात चाटायचा. त्याच्या स्टिअरिंगला कायमचा एक आंबूस वास लागला होता आणि त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, हे मी त्याच्या खात्यात जमा धरते. मी काउन्सिलच्या ऑफिसात काम करते, ट्रेनने जाते. प्लॅटफॉर्मवर उभी राहून कितीतरी सकाळी मी तळहाताचा वास घेतला आहे.

आमच्या फ्रिजवर एक निळी फाइल पडून होती. आईला कायमचं इथेच ठेवून घ्यायचं, तर त्यासाठी लागणारे व्हिसाचे फॉर्म त्यात होते. सगळे भरलेले. फक्त तिची सही नव्हती. तिचा व्हिजिटर व्हिसा फेब्रुवारीत संपत होता. मी विषय काढला की ती "बघू" म्हणायची आणि तिला नेमकं तेव्हाच काहीतरी आठवायचं, गॅसवर दूध, दोरीवर कपडे. मला ती इथे हवी होती. पुण्यात त्या तीन खोल्यांत ती एकटी, कुणाला दही द्यायचं म्हणून वाटी घेऊन उभी आहे आणि दारात कुणीच नाही, हे चित्र मला सहन होत नव्हतं.

"तिला अशा जागी ने जिथे स्वयंपाकघर नाही," नवरा म्हणाला. "मग पळणार कुठे?"

म्हणून चार रात्रींची क्रूझ. फक्त आम्ही दोघी. वाटेत कांगारू आयलंडला जहाज थांबणार होतं आणि अर्ध्या दिवसाची बस टूर होती. तिथे विचारायचंच, असं मी ठरवलं.

त्या सकाळी नाश्त्याला आईने दह्याचे सगळे कप उचलून वाचले. स्ट्रॉबेरी नको, व्हॅनिला नको. शेवटी 'ग्रीक' लिहिलेला एक सापडला. बोटाने चाखून म्हणाली, "हा तर चक्का आहे. ग्रीक लोक श्रीखंड करत असतील." तिने त्यातलं जरा माझ्या हातावर ठेवलं आणि दुसरा एक न उघडलेला कप पर्समध्ये टाकला.

"तो कशाला?"

"परतीचा."

"आई, परत तर आपण जहाजावरच येणार. दही घरातून निघताना देतात ना? ते आयलंड काय आपलं घर आहे?"

"आणि जहाज आहे?" ती म्हणाली.

आम्ही रांगेत जाऊन उभ्या राहिलो.

जहाज किनाऱ्यापासून दूर उभं राहतं आणि छोट्या बोटी माणसांना धक्क्यावर नेऊन सोडतात. बोटीत आई माझा दंड घट्ट धरून बसली होती. पाणी अगदी शांत होतं, त्यावर ऊन सांडलेलं. धक्क्यावर मात्र एक टेबल, कचऱ्याचा एक पिवळा बिन आणि पांढऱ्या मिशांचा एक गोड म्हातारा माणूस. बेटावर बाहेरचं खाणं न्यायचं नाही, हे जहाजावर दोनदा सांगितलं होतं. त्याने हसून विचारलं, पर्समध्ये काही आहे का, लव्ह? आई खोटं बोलत नाही. तिने कप काढून दाखवला आणि तिच्या शाळेच्या इंग्रजीत म्हणाली, "दिस इज नॉट फूड. दिस इज फॉर ट्रॅव्हल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मागे रांग खोळंबली होती. मला एकदम शरम वाटली आणि शरम वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड आहे. मी तिच्या हातातून कप घेतला आणि बिनमध्ये टाकला. जरा जोरातच.

आई पर्सची चेन लावून बसकडे चालायला लागली.

आमची गाइड साठीच्या आसपासची होती. उन्हाने भाजलेले हात, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. बस तीच चालवायची आणि माइकवर तीच बोलायची. तिने सांगितलं की ती जन्मली इथेच, पण आईवडील एका ग्रीक बेटावरून आले. तिकडेही उन्हाळ्यात अशीच जहाजं येतात, अशीच माणसं अर्ध्या दिवसासाठी उतरतात. तिची चुलतबहीण त्यांना चढाच्या पायऱ्यांनी वर नेऊन चर्च दाखवते. "आणि मी तुम्हाला सी लायन दाखवते. घराण्याचा धंदाच म्हणा." बस हसली. आई हसली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती.

मग रस्ता सुरू झाला. दोन्ही बाजूंनी युकॅलिप्टसची झाडं, त्यांच्यामधून ऊन आत येत-जात होतं, डोळे मिटले तरी पापण्यांवर कळत होतं. पिवळं पडलेलं गवत, त्यात मेंढ्या. एका ठिकाणी बेट इतकं अरुंद झालं की दोन्हीकडच्या खिडक्यांत समुद्र होता, एकीकडे निळा, एकीकडे जवळजवळ पांढरा. गाइडचा आवाज चालूच होता, मधमाश्या, दीपस्तंभ, फुटलेली गलबतं. तो हळूहळू मला नुसता आवाज म्हणून ऐकू यायला लागला, लहानपणी दुपारी दुसऱ्या खोलीत रेडिओ चालू असायचा तसा. आईचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. ती किती हलकी झाली होती. खोबरेल तेलाचा तोच वास. मी श्वास जपून घेत होते, ती उठू नये म्हणून, आणि कप फेकल्याची लाज वाटत होती. विचारायचं ते विचारण्यासारखी ती वेळ नव्हती.

दक्षिण किनाऱ्यावर लाकडी वाटेने खाली उतरलो. सी लायनना मराठीत समुद्रसिंह म्हणतात म्हणे. सिंहपणा कुठे दिसला नाही. वाळूत गाद्या टाकल्यासारखे सगळे पसरलेले, कुणी पोटावर, कुणी कुणाच्या अंगावर मान टाकून. वारा होता, लाटांचा आवाज होता, पण त्या झोपेने सगळा किनारा भरून टाकला होता. आम्ही तीसएक माणसं कुजबुजत बोलत होतो, पाळण्यापाशी बोलतात तसं.

गाइडने एका दगडाआड बोट दाखवलं. एक पिल्लू एकटंच होतं. त्याची आई समुद्रात गेली आहे, ती म्हणाली. दोन-तीन दिवस तिकडे राहते, पोटभर मासे खाते, मग येऊन हाका मारते. इतक्या पिल्लांतून ते आवाज ओळखून उत्तर देतं. तोवर ते तिथेच थांबतं.

आईने मला तेवढं मराठीत सांगायला लावलं, खात्री करून घ्यायला. मग कठड्याला टेकून ती त्या पिल्लाकडे खूप वेळ बघत राहिली. ते मधूनच मान वर करायचं, समुद्राकडे बघायचं आणि परत झोपायचं.

"आपल्याकडे उलटं झालं," ती म्हणाली.

एवढंच. आवाजात तक्रार नव्हती.

परतीच्या बसमध्ये मी तिला सांगितलं. सोळा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मी शिकायला म्हणून ऑस्ट्रेलियाला निघाले त्या दिवशी आईने दारात माझ्या हातावर दही ठेवलं. बाबा टॅक्सीत पुढे बसले होते, मुंबई एअरपोर्टवर सोडायला निघालेले. माझ्या मांडीवर कागदपत्रांची फाइल होती, अंगावर नवे कपडे होते. रडायला येत होतं आणि रडायचं नव्हतं. दही घशाखाली उतरेना. मी ते मुठीत धरून बसले आणि कोपऱ्यावर वळल्यावर सीटच्या कडेखाली पुसून टाकलं. दोन वर्षांत परत येते, असं सांगून निघाले होते. मग नोकरी, मग इथे कायम राहायचा परवाना, पीआर, मग लग्न, मग मुलगी. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण दर वेळी कुणी "परत कधी येणार?" विचारलं की मला ती सीटची कड आठवायची.

"आई, मी तुझं दही पुसून टाकलं होतं. टॅक्सीत."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"येताना बाबा मागे बसून आले. तुझ्या जागेवर. त्यांच्या हाताला लागलं." ती पर्सच्या पट्ट्याशी खेळत होती. "घरी येऊन मला म्हणाले, पोरीला कधी बोलू नकोस. मी म्हटलं, नाही बोलत, पण आता ती काही परत यायची नाही. चेष्टेत म्हटलं होतं गं."

बाबा सबंध रस्ता माझ्या जागेवर बसून आले होते, हे मला माहीत नव्हतं. झाडांमधलं ऊन आमच्या मांड्यांवरून सरकत होतं. मी रडले, सनग्लासेस असल्यामुळे सभ्यपणे रडता आलं. आणि मग, इतके दिवस शब्द जुळवून ठेवले होते ते सगळे सोडून, मी एवढंच म्हटलं, "मग तू तरी राहा ना इथे. सही कर ना."

इथे दूध नव्हतं, कपडे नव्हते. तिने "बघू" म्हटलं नाही.

"घराला नुसतं कुलूप घालून आलेय मी," ती म्हणाली. "बाबांचा चष्मा पेपरवर तसाच आहे. तो पेपर वर्षभर मी उचललेला नाही. ते तसं टाकून इथे कशी राहू?"

"मी येते तुझ्याबरोबर. दोघी आवरू."

"ते माझं मलाच करू दे."

मग तिने माझा हात हातात घेतला आणि धक्का येईपर्यंत सोडला नाही. उत्तर होकाराचं की नकाराचं, ते मला कळलं नव्हतं आणि विचारायचं धाडसही नव्हतं.

धक्क्यावर छोटी बोट लागलेली होती. सगळे उतरून पटापट रांगेत गेले. आई बाकावर बसली.

"चल आई. शेवटची बोट आहे ही."

"दही नाही."

मला वाटलं होतं, तो विषय संपला. तिच्यासाठी तो सकाळपासून पर्समध्येच होता. तिने माझ्याकडे वर पाहिलं आणि मला दिसलं की हा हट्ट नाही, ती घाबरली आहे. "एकदा मी असंच सोडलं होतं," ती म्हणाली. "तुला नाही सोडणार."

बोटीवरचा माणूस घड्याळ बघत होता. मी तिच्यापुढे उकिडवी बसले. आई, एवढंसं पाणी आहे, आई, लाइफ जॅकेट आहेत, आई, प्लीज. माझ्या आवाजात सकाळचा तो राग पुन्हा डोकं वर काढत होता आणि मला माझीच भीती वाटत होती.

गाइड बसचं दार लावून आमच्यापाशी आली. काय झालं, मम बरी आहे ना? मी तिला सांगितलं. इंग्रजीत ते फार विचित्र वाटतं. निघणाऱ्याच्या हातावर दही, म्हणजे तो परत येतो, आणि माझे वडील, आणि लॅब, आणि सकाळचा बिन. तिने सगळं ऐकून घेतलं. मग "वन सेक" म्हणून बसकडे गेली आणि आपली एस्की घेऊन आली, त्या डब्यात तिचं दुपारचं जेवण होतं. ब्रेडचा तुकडा, ऑलिव्ह आणि काचेच्या बरणीत दही. घरी लावलेलं. विरजण माझ्या आईच्या वेळचं आहे, ती म्हणाली, आई गेली तरी ते मोडू दिलेलं नाही.

हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने गाइडकडे पहिल्यांदा नीट बघितलं. बरणीचा वास घेतला. चमचा मागितला. माझ्या हातावर दही ठेवलं. घट्ट, आंबट, थंड. मी ते तिच्यासमोर चाटलं, सगळं, शेवटच्या पांढऱ्या रेघेपर्यंत, शाळेतल्या मुलीसारखा हात उलटसुलट करून दाखवला.

मग गाइडने आईच्या हातातून चमचा घेतला. अर्धा भरला आणि आईकडे बघत थांबली.

"मला कशाला?" आई मराठीतच म्हणाली. "मी देणारी."

गाइडला मराठी कुठून येणार. "यू आर गोइंग टू, आरन्ट यू, डार्ल?" ती म्हणाली. तूही निघालीच आहेस ना, एवढं आईला समजलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही सगळे आयुष्यभर त्या दारातून बाहेर पडत राहिलो आणि आई आत उभी राहिली. तिच्या हातावर कुणी दही ठेवल्याचं मला आठवेना. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदा एकटी इतक्या लांब निघाली, तेव्हा तर द्यायला घरात कुणी नव्हतंच. तिने स्वतःच दार ओढून घेतलं असेल, कुलूप घातलं असेल, ते दोनदा ओढून बघितलं असेल.

आईने हात पुढे केला. नीट जमलं नाही तिला, बोटं आखडून धरली होती. गाइडने दही ठेवलं. आईने ते जिभेने टिपलं, डोळे मिटून. मागे तो चंदेरी समुद्र. बोटीवरच्या माणसाने आता घड्याळ बघणं सोडून दिलं होतं.

"चांगलं लागलंय," ती उठत म्हणाली.

जहाजावरून बेट बराच वेळ दिसत होतं. आम्ही डेकवर खुर्च्या टाकून बसलो होतो.

फेब्रुवारीत आई पुण्याला निघाली. फाइल फ्रिजवरच राहिली. "तिकडचं आवरते आणि येते," ती म्हणाली, "मग करते सही." मीही सोळा वर्षांपूर्वी जवळजवळ हेच वाक्य बोलले होते, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक होती. मी मान डोलावली.

दुपारची फ्लाइट होती. नवरा आणि मुलगी सकाळीच तिच्याकडून शेवटचं दही घेऊन गेले होते. मग वाटी मी घेतली. आदल्या संध्याकाळी मीच दूध विरजलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ते जेमतेम लागलं होतं. दारात माझा हात उचलेना. मी ठेवलं की ती निघाली. ती थांबली आणि मग तिनेच हात पुढे केला, या वेळी सपाट.

"दे," ती म्हणाली.

मी ठेवलं आणि वळून बॅग डिकीत टाकायला गेले. बॅग जड होती, चाक अडकलं. येऊन बघते तर ती गाडीत बसलेली, पट्टा लावून, हात मांडीवर, मूठ मिटलेली की नुसतीच ठेवलेली ते कळेना. मी विचारलं नाही. एअरपोर्टपर्यंत आम्ही मुलीच्या शाळेबद्दल बोललो.

तिला आत सोडून पार्किंगमध्ये आले. गाडीचं दार उघडलं आणि माझ्या बाजूला न जाता तिच्या जागेवर बसले. सीटच्या कडेखाली हात घातला. पुढून मागे, मग मागून पुढे, फटीत बोटं घालून. दाराच्या आतल्या कप्प्यातही पाहिलं, पट्ट्याच्या बक्कलखालीही.

कुठेच काही नव्हतं. सगळं कोरडं होतं.